पीतांबरी नीलम : एक खडा, दोन ग्रह

दुरंगी नीलमाविषयी, म्हणजे ज्योतिषी आणि जव्हेरी ज्याला पीतांबरी नीलम म्हणतात त्या खड्याविषयी, इतकी पत्रे साठली आहेत की या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच द्यावे असे ठरवले. पत्रे संक्षेपाने दिली आहेत, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, कारण बऱ्याच पत्रांत पत्रिकेचा आणि घरातल्या अडचणींचा तपशील आहे. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मी खडे तपासणारा माणूस आहे. ज्योतिषाचे ग्रंथ वाचले आहेत आणि त्यांतला तर्क मला कळतो. परंतु रत्न धारण केल्याने आयुष्यातल्या घटना बदलतात याचा प्रयोगाने पडताळा आलेला नाही. तेव्हा पुढे जिथे ग्रहांविषयी लिहिले आहे ते परंपरेचे म्हणणे म्हणून वाचावे, आणि जिथे खड्याविषयी लिहिले आहे ते भिंगाखाली कोणालाही तपासून पाहता येईल असे धरावे.

प्रश्न : पीतांबरी नीलम नेमका कशाला म्हणायचे? त्याला नीलम मानायचे की पुष्कराज? अर्धा पिवळा रंग मागाहून चढवलेला असतो, असे एकाने सांगितले. ते खरे आहे का?

उत्तर : नीलम आणि पुष्कराज ही नावे दोन आहेत, खनिज एकच आहे. त्याचे नाव कुरुंद. माणिकही कुरुंदच. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा हा स्फटिक अगदी शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. रंग येतो तो त्यात शिरलेल्या अत्यल्प परक्या धातूंमुळे. लोह आणि टायटेनियम जोडीने असले की निळा रंग दिसतो. टायटेनियम नसून लोह पुरेसे असले की पिवळा दिसतो, आणि क्रोमियम असले की गुलाबी किंवा लाल. जमिनीच्या पोटात हा स्फटिक दीर्घकाळ थराथराने वाढत असताना भोवतालच्या द्रव्यातले या धातूंचे प्रमाण बदलले, तर काही थर निळे आणि काही पिवळे होतात. झाडाचे खोड आडवे कापल्यावर जशी वलये दिसतात तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की स्फटिकाचे थर गोल नसून सरळ असतात आणि कोपऱ्यांवर १२० अंशांत वळतात, कारण ते स्फटिकाच्या सहा बाजूंना धरून वाढलेले असतात. त्यामुळे निळा आणि पिवळा रंग एका खड्यात निसर्गतः येऊ शकतात, आणि येतातही. श्रीलंका आणि मादागास्कर येथे असे खडे सापडतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये निळा, हिरवा आणि पिवळा असे मिश्र रंग असलेले खडे बरेच निघतात.

रंग चढवलेले खडेही बाजारात आहेत. त्यांच्याविषयी पुढच्या एका उत्तरात लिहिले आहे.

आपल्याकडे असा खडा असेल तर एक गोष्ट करून पाहा. पांढऱ्या कागदावर तो पालथा ठेवा, म्हणजे सपाट माथा खाली आणि टोक वर, आणि दिवसाच्या उजेडात बाजूने पाहा. खरा दुरंगी खडा असेल तर निळ्या आणि पिवळ्याची सीमा आपल्याला सरळ रेषेसारखी दिसेल. ती कधी खड्याच्या मध्यावर असते, पण बहुतेकदा एका कडेला सरकलेली असते. आता खडा उलटा करून माथ्यावरून पाहा. बऱ्याच खड्यांत ती रेषा नाहीशी होते आणि सगळा खडा मंद हिरवट दिसू लागतो, कारण पैलूंवरून उलटसुलट परतणारा उजेड दोन्ही रंगांतून जाऊन येतो आणि डोळ्यांना त्यांची बेरीज दिसते. मी हे काम शिकत होतो तेव्हा असा एक नग ‘हिरवा नीलम’ म्हणून नोंदवून ठेवला होता. तो बाजूने पाहायला सांगितले गेले तेव्हा चूक कळली, आणि तेव्हापासून कोणताही खडा आधी बाजूने पाहायची सवय लागली. दोन्ही रंग माथ्यावरूनही स्वच्छ वेगळे दिसावेत असे पैलू पाडणे कौशल्याचे काम आहे, आणि चांगल्या पीतांबरीची खरी किंमत त्या कौशल्यात असते.

मग तो नीलम की पुष्कराज? खनिजशास्त्राला हा प्रश्न पडत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘दुरंगी सफायर’ अशा अर्थाची नोंद येते. ‘पीतांबरी’ हे नाव तिथे शोधू नये.

प्रश्न : शास्त्रात पीतांबरी नीलमाचा उल्लेख कुठे आहे? आमच्या ज्योतिषांनी ‘ग्रंथांत सांगितले आहे’ एवढेच सांगितले, ग्रंथाचे नाव सांगितले नाही.

उत्तर : नवग्रह आणि नवरत्ने यांची जोडी सांगणारा जो श्लोक सर्वांत जास्त उद्धृत होतो तो वैद्यनाथ दीक्षितांच्या ‘जातकपारिजात’ या ग्रंथातला आहे. त्यात रवीला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम आणि राहू-केतूंना गोमेद व वैडूर्य, म्हणजे लसण्या, अशी वाटणी आहे. एका ग्रहाला एक रत्न. दोन ग्रहांचे मिळून एक रत्न असा प्रकार त्यात नाही. शनीच्या वाट्याचे शब्दही पाहण्यासारखे आहेत : ‘शनेर्नीलं निर्मलम्’. नुसता नीलम नव्हे, निर्मळ नीलम.

त्याआधी, सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त रत्नपरीक्षा लिहिली. तिथे शुभ रत्नाने राजाचे शुभ होते आणि अशुभ रत्नाने अनिष्ट होते असा विचार आहे, म्हणजे सगळा भर रत्नाच्या गुणदोषांवर आहे; कोणाच्या पत्रिकेत कोणता ग्रह दुर्बळ आहे आणि म्हणून कोणता खडा घालावा, ही आजची पद्धत तिथे नाही.

आता थोडी अडचणीची गोष्ट सांगतो. जुन्या रत्नपरीक्षेत माणकाचे जे आठ दोष मोजले आहेत त्यांत ‘द्विच्छाय’ हा एक आहे. द्विच्छाय म्हणजे ज्यात दोन छटा दिसतात तो. माणिक आणि नीलम एकाच खनिजाचे आहेत हे त्या काळच्या पारख्यांना आजच्या अर्थाने ठाऊक नव्हते, आणि माणकाचा नियम नीलमाला जसाच्या तसा लावावा असेही मी म्हणत नाही. परंतु परंपरेचा कल कुठे होता हे त्यावरून दिसते. रंग एकसारखा, भरलेला आणि स्वच्छ असणे हा गुण. रंग फुटलेला असणे हा दोष. ज्या खड्याला पूर्वीच्या पारख्याने बहुधा बाजूला ठेवले असते, तो आज ‘दोन ग्रहांचे बळ एकत्र’ या नावाने वर आला आहे. ‘पीतांबरी’ हे नाव मात्र मला आवडते. निळ्या कांतीचा आणि पिवळे वस्त्र नेसलेला विष्णू ते ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावा. नाव सुंदर आहे म्हणून ते प्राचीन ठरत नाही, इतकेच.

प्रश्न : माझ्या मुलाचा जन्म मे २००० च्या अखेरचा, पहाटेचा. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, मेष, आणि मेषेतच गुरू-शनी युती. ‘भाग्येश आणि कर्मेश एकत्र आहेत, पीतांबरी नीलम घातला की दोघेही काम करतील’ असे आम्हाला सांगण्यात आले. घालावा का?

उत्तर : आपण जन्मकाल आणि ग्रहांचे अंश पाठवले म्हणून या पत्राला सविस्तर उत्तर देता येते. गुरू आणि शनी साधारण वीस वर्षांनी एकमेकांना गाठतात. गुरूला राशिचक्राची एक फेरी करायला सुमारे बारा वर्षे लागतात आणि शनीला साडेएकोणतीस, त्या हिशेबाने हा काळ येतो. २८ मे २००० रोजी त्यांची युती झाली तेव्हा निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या, गणिताने दोघेही मेषेच्या शेवटच्या अंशांत होते. त्यामुळे त्या दिवसांत जन्मलेल्या सगळ्याच मुलांच्या पत्रिकांत हा योग आहे. पुढची युती २१ डिसेंबर २०२० रोजी मकरेत झाली. या दोन तारखांच्या आसपास जन्मलेल्यांना पीतांबरी सुचवला जातो, असे आलेल्या पत्रांवरून दिसते.

सुचवण्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. नैसर्गिक मैत्रीच्या कोष्टकात गुरू आणि शनी परस्परांना सम आहेत. ते मित्र नाहीत आणि शत्रूही नाहीत, म्हणून दोघांची रत्ने एकत्र आल्यास भांडण होणार नाही असे म्हणता येते. शिवाय मेष लग्नाला गुरू नवमेश, म्हणजे नवव्या (भाग्याच्या) घराचा स्वामी, आणि शनी दशमेश, म्हणजे दहाव्या (कर्माच्या) घराचा स्वामी होतो, आणि नवमेश-दशमेशांचा संबंध हा राजयोग मानला जातो. इथवर आपल्या ज्योतिषांचे म्हणणे बरोबर आहे.

पण याच लग्नासाठी पाराशरी परंपरेने एक अपवाद स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवला आहे : ‘न शुभं योगमात्रेण प्रभवेच्छनिजीवयोः’. मेष लग्नाला शनी आणि गुरू केवळ एकत्र आले एवढ्यावरून शुभ फळ मिळत नाही. कारण सरळ आहे. गुरू नवमाबरोबर बाराव्याचाही स्वामी आहे, शनी दशमाबरोबर अकराव्याचाही, आणि मेष लग्नाला शनी पापफलदायी गटात मोजला आहे. मिथुन लग्नाबाबतही हाच नियम सांगितला आहे. तिथे शनी नवमेश आणि गुरू दशमेश होतो, पण शनीकडे आठवे घरही जाते. आपल्या मुलाच्या पत्रिकेत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे शनी मेषेत, म्हणजे आपल्या नीच राशीत, जिथे तो सर्वांत दुर्बळ मानला जातो, आणि तोही थेट लग्नात बसला आहे. नीच राशीतल्या पापफलदायी ग्रहाचे रत्न घालून त्याचे बळ वाढवावे की त्याची शांती करावी, यावर ज्योतिषांतच एकमत नाही, आणि सावध ज्योतिषी दुसरा मार्ग सांगतात. या लग्नाला शुभ असलेल्या गुरूसाठी पिवळा पुष्कराज सुचवला असता तर परंपरेच्या चौकटीत ते समर्थनीय ठरले असते. त्याला अर्धा नीलम जोडण्याचे कारण या पत्रिकेत मला सापडत नाही.

आणि ही अडचण एकट्या मेष लग्नाची नाही. शनी ज्यांना सर्वांत अनुकूल, म्हणजे योगकारक मानला आहे, अशी दोन लग्ने वृषभ आणि तूळ. वृषभेला गुरू आठव्या आणि अकराव्या घराचा स्वामी होतो, तुळेला तिसऱ्या आणि सहाव्याचा. म्हणजे ज्यांना निळा भाग हवा, त्यांना पिवळा नको. उलट धनू आणि मीन लग्नाला गुरू लग्नेश आहे, पण तिथे शनीकडे अनुक्रमे दुसरे-तिसरे आणि अकरावे-बारावे घर येते. मकर आणि कुंभ लग्नाला शनी स्वतः लग्नेश. परंतु मकरेला गुरू तिसऱ्या आणि बाराव्या घराचा स्वामी होतो. कुंभेला तो दुसऱ्या आणि अकराव्या घराचा स्वामी आहे, आणि बारा लग्नांत पीतांबरीची बाजू घ्यायचीच झाली तर तिथे ती थोडीफार घेता येईल, तीही दुसऱ्या घराचा स्वामी मारक, म्हणजे आयुष्याला घातक, असतो हा आक्षेप बाजूला ठेवून. दुरंगी खड्याची खरी गोम इथे आहे. दोन स्वतंत्र अंगठ्या असत्या तर नको ती काढून ठेवता आली असती. एका खड्यातला अर्धा भाग काढून ठेवता येत नाही.

प्रश्न : निळा-गुलाबी नीलम, ज्याला रक्तांबरी म्हणतात, तोही याच न्यायाने पाहायचा का?

उत्तर : हो, आणि अधिक कडकपणे. गुलाबी-लाल भाग काहीजण मंगळाचा मानतात, काही रवीचा. शनीच्या कोष्टकात रवी, चंद्र आणि मंगळ हे तिघेही शत्रू आहेत. पीतांबरीत निदान समभाव आहे; इथे तोही नाही. खडा म्हणून मात्र तो फार देखणा असतो, आणि दागिन्यात घालायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझा पीतांबरी खडा एका बाजूने निळा दिसतो आणि फिरवला की तोच फिकट पिवळा होतो. विक्रेत्याने सांगितले की तो ‘जागृत’ आहे. असे खडे दुर्मीळ असतात का?

उत्तर : दुरंगी नीलमात निळा भाग निळाच राहतो आणि पिवळा पिवळाच, खडा कसाही फिरवला तरी रंगाची जागा बदलत नाही. आपण वर्णन केले आहे तसा सगळाच्या सगळा खडा एका दिशेने निळा-जांभळा आणि दुसऱ्या दिशेने गवती पिवळसर किंवा जवळजवळ पाण्यासारखा दिसत असेल, तर तो आयोलाइट असण्याचा संभव मोठा आहे. हेच खनिज शनीचे उपरत्न म्हणून ‘नीली’ या नावाने विकले जाते. दिशेनुसार रंग बदलणे हा त्याचा उघड गुणधर्म आहे. नीलमातही असा बदल असतो, पण तो निळ्याच्याच दोन छटांमधला, जांभळट निळा आणि हिरवट निळा असा असतो. नीली हे वाईट रत्न नाही. नीलमाच्या भावाने घेतलेली नीली मात्र वाईट.

याची परीक्षा अगदी सोपी आहे, मात्र त्यासाठी खडा कोंदणातून सुटा असला पाहिजे. कोणाकडे मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेल तर खडा आधी हवेत तोला आणि नंतर बारीक तारेच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडालेला असताना तोला. कुरुंद पाण्याच्या सुमारे चौपट जड आहे, म्हणून १ ग्रॅमचा खरा नीलम पाण्यात साधारण ०.७५ ग्रॅम भरतो. आयोलाइट पाण्याच्या जेमतेम २.६ पट, १ ग्रॅमचा आयोलाइट पाण्यात ०.६२ ग्रॅमच्या आसपास येतो. जांभळा आणि पिवळा असे दोन रंग असलेले अमेट्रीन नावाचे स्फटिकही कधीकधी दुरंगी नीलम म्हणून पुढे केले जाते, आणि तेही याच परीक्षेत सापडते, कारण ते गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या जातीचे आहे. प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम नीलम मात्र या काट्यावर पकडता येत नाही. तोही कुरुंदच असतो आणि तेवढाच भरतो. ज्योतीत वितळवून थेंबाथेंबाने वाढवलेल्या जुन्या पद्धतीच्या कृत्रिम खड्यात रंगाचे पट्टे वक्र असतात, आणि ते दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातूनही अनेकदा दिसतात. वर सांगितलेली सरळ, कोनात वळणारी रेषा इथे उपयोगी पडते.

प्रश्न : प्रमाणपत्रावर ‘उष्णता दिल्याच्या खुणा’ असे लिहून आले आहे. खडा मेला असे समजायचे का? पैसे परत मागावेत का?

उत्तर : खडा जिवंत किंवा मेलेला असण्याची भाषा मला वापरता येत नाही, पण आपल्या प्रश्नामागची काळजी रास्त आहे. बाजारात आज असलेल्या नीलमांपैकी बहुतेकांना कधी ना कधी भट्टी दाखवलेली असते. श्रीलंकेत गेऊडा नावाचे दुधट, पांढुरके दगड पूर्वी टाकाऊ धरले जात. ते जास्त तापमानाला तापवले की आतल्या सूक्ष्म सुया विरघळतात, त्यांतले टायटेनियम स्फटिकात मिसळते आणि दगड निळा होतो, हे कळल्यावर १९७० च्या दशकापासून त्यांचा मोठा व्यापार सुरू झाला. हे तापमान १६०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. कुरुंद साधारण २०५० अंशांना वितळतो, म्हणून तो हे सोसतो. भट्टीत ऑक्सिजन जास्त की कमी यावर निळा रंग फिका होणार की गडद, हे ठरते. भट्टीतून रंग कमीजास्त झाला तरी त्याला कारण असलेले धातू खड्यात निसर्गतःच होते, असे या प्रक्रियेबद्दल म्हणता येते.

बेरिलियमची गोष्ट वेगळी आहे. २००२ च्या सुमारास असे उघडकीस आले की काही भट्ट्यांत खड्यांबरोबर बेरिलियमयुक्त खनिज ठेवले जात होते आणि ते अतिउच्च तापमानाला खड्याच्या आत शिरून पिवळा-नारिंगी रंग निर्माण करत होते. फिकट किंवा निळसर खडा असा भाजला की त्याचा बाहेरचा भाग पिवळा होऊ शकतो आणि गाभा निळसर राहू शकतो. म्हणजे ‘पीतांबरी’ भट्टीत घडवता येतो. रंग पूर्ण आत गेला नसेल तर खडा एखाद्या दाट द्रवात बुडवून पाहिल्यावर पिवळा थर पैलूंच्या बाह्यरेषेला समांतर गेलेला दिसतो. निसर्गाला पैलू ठाऊक नसतात, त्यामुळे ही खूण निर्णायक आहे. रंग आतपर्यंत गेला असेल तर मात्र भिंग पुरत नाही आणि लेझरने कणभर द्रव्य उडवून त्याचे पृथक्करण करणारी प्रयोगशाळाच लागते. दुरंगी खड्यासाठी प्रमाणपत्र घेताना म्हणूनच ‘बेरिलियमची चाचणी केली आहे का’ हा प्रश्न नेमका याच शब्दांत विचारावा.

आता पैशांचे. विकताना ‘न तापवलेला’ असे लेखी सांगितले असेल तर खडा परत करण्याचा आपला हक्क स्पष्ट आहे. तसे काही सांगितलेच नसेल तर नुसत्या उष्णतेवरून तक्रार टिकणे अवघड आहे. बेरिलियम निघाले आणि ते लपवले असेल तर जरूर करावी. ज्योतिषाच्या अंगाने विचाराल, तर तापवलेले रत्न बहुतेक ज्योतिषी नको म्हणतात आणि काहीजण चालवून घेतात.

प्रश्न : सव्वापाच रत्तीचा खडा सांगितला होता. दोन ठिकाणी सव्वापाच रत्तीच मागितला आणि दोन वेगवेगळ्या आकारांचे खडे दाखवले. कोणाचा काटा खोटा?

उत्तर : बहुधा दोघांचेही काटे खरे असतील, रत्ती वेगळी असेल. सोनाराची जुनी रत्ती, म्हणजे गुंज, ही तोळ्याचा शहाण्णवावा भाग. ती साधारण १२१.५ मिलिग्रॅम भरते. रत्नांच्या व्यापारात पक्की रत्ती म्हणून जी चालते ती सुमारे १८० मिलिग्रॅमची आहे. पहिल्या हिशेबाने सव्वापाच रत्ती म्हणजे सुमारे ३.२ कॅरेट, दुसऱ्या हिशेबाने ४.७ कॅरेट. पावतीवर वजन कॅरेटमध्ये आणि मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावे. कॅरेट जगभर २०० मिलिग्रॅमचाच असतो.

प्रश्न : तीन रात्री उशाखाली ठेवून पाहिला. दुसऱ्या रात्री वाईट स्वप्न पडले. आता तो घरात ठेवायचीही भीती वाटते.

उत्तर : नीलम पारखून घ्यावा ही रीत जुनी आहे, आणि तिच्यातला सावधपणा मला पटतो, कारण महाग वस्तू घेण्याआधी तीन दिवस थांबणे केव्हाही चांगले. पण ज्याला झोपण्याआधी सांगितले आहे की स्वप्नावरून कौल मिळणार, त्याला स्वप्न पडणारच. तीन रात्रींत एक वाईट स्वप्न हे उशाखाली काही नसतानाही पडते. आपल्या पत्रात साडेसातीचा उल्लेख तीन वेळा आला आहे, खड्याच्या रंगाचा एकदाही नाही. मला वाटते, आपल्याला हा खडा आवडलेला नाही. तो भीतीपोटी घेतला गेला आहे. परतीची मुदत असेल तर परत करा. नसेल तर डबीत ठेवा. डबीतल्या कुरुंदाने कोणाला काही केल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रश्न : अंगठी कोणत्या धातूत, कोणत्या बोटात? निळा भाग हाताच्या आतल्या बाजूला यावा की बाहेरच्या?

उत्तर : नीलम मधल्या बोटात आणि पुष्कराज तर्जनीत ही प्रचलित रीत आहे, पीतांबरी बहुतेकजण मधल्या बोटात घालतात, कारण तो नीलमाचाच प्रकार मानला जातो. कोणता रंग कुठल्या बाजूला असावा याविषयी ज्योतिषात नियम नाही, त्यामुळे तो निर्णय दिसण्यावरून घ्यावा.

कोंदणाबाबत मात्र आग्रहाने सांगतो. खाली बंद तळ ठेवू नका. सोन्याच्या बंद तळावर निळा भाग हिरवट दिसू लागतो आणि दोन रंगांतला फरक मारला जातो; पांढऱ्या धातूत तो जास्त उठून दिसतो. परंपरेने खडा बोटाला लागावा असे सांगितले आहेच, तेव्हा तळ उघडा ठेवल्याने दोन्ही गोष्टी साधतात. खडा कारागिराच्या हाती देण्यापूर्वी तो सुटा तोला, कागदावर पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढा, तीत रंगाची सीमा कुठून कुठे जाते ती रेघ आखा आणि जवळ असलेला एखादा बारीक ठिपका किंवा चीर खूण म्हणून दाखवा. दुरंगी खड्याची सीमा दुसऱ्या कोणत्याही खड्यात हुबेहूब त्याच जागी सापडणे जवळपास अशक्य आहे. अंगठी परत मिळाल्यावर ती रेघ जुळली की आपलाच खडा परत आला, याची खात्री पटते.